पाचवं मत

१

तीन विरुद्ध दोन.

वहीत असं लिहिलं होतं आणि अक्षर माझंच होतं. मी ते तीनदा वाचलं, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचलं आणि खुर्चीत मटकन बसलो. कारण आम्ही टेबलाशी चौघंच असतो. चार माणसांची पाच मतं होत नाहीत.

दर रविवारी दुपारी दोन ते सहा आम्ही ताईकडे खेळायला बसतो. फासे, सोंगट्या, हाताने काढलेले नकाशे आणि प्रत्येकाचं एक सोंग, असा तो खेळ. ताई चेटकीण, मी, तिचा भाऊ आणि सगळ्यांचाच 'धाकटा', पहारेकरी, डॉक्टर चोर. डॉक्टर दातांचा आहे, त्यामुळे त्याला वेगळं सोंग घ्यावं लागलंच नाही, असं ताई म्हणते. मास्तर सूत्रधार. ते शाळेत चित्रकला शिकवायचे. आता निवृत्तीनंतर भुयारं काढतात आणि आम्हाला त्यांत हरवतात. भावोजी गेल्यावर ताई घराबाहेर पडेना, जेवेना, म्हणून दोन वर्षांपूर्वी मीच हा घाट घातला. खेळ चौघांचा आहे, पुस्तकातच तसं म्हटलंय. डॉक्टरचा मेहुणा किती मागे लागला होता, पण मास्तरांनी त्याला दाराबाहेरूनच वाटेला लावलं.

नियमांचं पुस्तक विटेएवढं जाड आहे, तरी भांडायला भरपूर जागा सोडलेली. म्हणून आमचा एक रिवाज. वाद पंधरा मिनिटांपलीकडे गेला की हात वर करायचे, मोजायचे आणि निकाल वहीत लिहायचा. वहीत गेलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ. दोन-दोन पडले तर फासा टाकायचा. वही माझ्याकडे असते, कारण मी वजनमापं खात्यात निरीक्षक आहे. दिवसभर दुकानदारांचे काटे तपासायचे आणि खरे निघाले तर शिक्का मारायचा. त्या शिक्क्याच्या जांभळ्या शाईने माझा उजवा अंगठा बारा महिने रंगलेला असतो. मोजण्याच्या बाबतीत मी फार चिकट माणूस आहे, हे माझी बायकोसुद्धा कौतुकाने सांगत नाही.

त्या रविवारचा वाद 'सोबत' या मंत्रावरून पेटला होता. ताईची चेटकीण तीन महिन्यांपासून भुयारात एकटी अडकली आहे, तिथे तिने हा मंत्र टाकला होता. पुस्तकात एवढंच आहे: मंत्र टाकणाऱ्याला एक सोबती मिळतो आणि मंत्र टाकणारा एकटा असेपर्यंत तो राहतो. डॉक्टरने बरोबर खोडी काढली. म्हणाला, "सोबती आला की ती एकटी राहिली का? नाही राहिली. मग मंत्र तिथल्या तिथे संपला. तीन महिने ही फुकटचा सोबती घेऊन हिंडतेय!"

पाऊण तास भांडलो. शेवटी हात वर झाले आणि मी वहीत लिहिलं: 'सोबती माणसांत मोजायचा नाही. तीन विरुद्ध दोन.'

सोमवारी दुपारी डबा खाऊन झाल्यावर कच्चे निकाल पक्के उतरवून काढायची माझी सवय आहे. तेव्हा हे दिसलं. मुख्य म्हणजे त्या दिवशी आम्ही फासा टाकलाच नव्हता.

२

डॉक्टरला फोन लावला. मागे मशीन घूंघूं करत होतं.

"तू कुठल्या बाजूला हात केलास?" मी विचारलं.

"अरे, पेशंटचा जबडा उघडा आहे इथे!"

"राहू दे उघडा. सांग."

"विरुद्ध. मी आणि तू. हरलो एका मताने. का?"

"आणि बाजूने?"

"ताई आणि मास्तर." मग मशीन थांबलं. "आणि तो घड्याळाचा मुद्दा मांडला तो."

मलाही तो मुद्दा लख्ख आठवत होता. त्या एका मुद्द्यानेच वाद संपला होता. भिंतीवरचं घड्याळ दिवसभर टिकटिक करतं, म्हणून घरात माणसं किती विचारल्यावर कोणी त्याला धरतं का? मग सोबत्याला का धरायचं? इतका बिनतोड मुद्दा, की मीसुद्धा मनातल्या मनात मान डोलावली होती.

"तो कोणी मांडला?" मी विचारलं.

"मास्तरांनी ना?"

मास्तरांना फोन केला. ते म्हणाले, "छे, छे, मला कुठलं सुचायला! मला वाटलं तूच. तुझंच डोकं असल्या गोष्टींत चालतं."

"मी विरुद्ध होतो, मास्तर. माझ्याच विरुद्ध मी कशाला मुद्दा मांडू?"

"मग ताई असतील."

"ताई तेव्हा आत चहा टाकत होती. मधल्या दारातून हात वर केला तिने."

मास्तर म्हणाले, "आवाज मात्र ओळखीचा होता बरं का." एवढं बोलून त्यांनी फोन ठेवून दिला. निरोप घेतल्याशिवाय फोन ठेवणारे ते गृहस्थ नव्हेत.

मी स्वतःची समजूत घातली. चार म्हातारी होत चाललेली माणसं, एक जण बोलला असेल आणि विसरला असेल. हात मोजताना मी एखादा हात दोनदा मोजला असेल. तसं होऊ शकतं. मात्र नोकरीच्या सव्वीस वर्षांत मी तसं एकदाही केलेलं नाही.

३

बुधवारी मी ताईकडे गेलो. जायचं कारण नुसती वही नव्हती.

भावोजी गेले तेव्हा मी भाचीला शब्द दिला होता. ती परदेशी असते. ताईला तिकडे घेऊन जाते म्हणाली, ताई तयार होईना. तेव्हा मी छातीठोकपणे म्हणालो, "तू काळजी करू नकोस, दर बुधवारी संध्याकाळी मी तिच्याजवळ असेन." पहिली पावणेदोन वर्षं पाळलं. मग एक बुधवार तपासणी लांबली, दुसऱ्या बुधवारी कंटाळा आला, आणि बघता बघता तीन महिने झाले. रविवारी तर भेटतोच की, अशी पळवाट काढली. माझी मलाच लाज वाटत होती.

ताईने दार उघडलं. चांगली तुकतुकीत दिसत होती. गालांवर मांस चढलं होतं.

"आलास? चहा टाकलाच आहे."

टेबलावर दोन कप मांडलेले होते. मी येतोय हे मी तिला कळवलं नव्हतं. टेबलाशी घडीची लोखंडी खुर्ची उघडून ठेवली होती. ही खुर्ची दाराआड असते. खेळाच्या वेळी आम्ही चार लाकडी खुर्च्या वापरतो.

"ही इथे कशी?"

"तूच तर उघडून बसतोस तिच्यावर. लाकडी टोचते म्हणतोस."

मी म्हणालो, "ताई, मला माफ कर. माझे बुधवार फार चुकले. तीन महिने फिरकलो नाही."

ती हसायलाच लागली. "डोकं ठिकाणावर आहे ना? एक बुधवार चुकला नाहीस तू! गेल्या बुधवारी हे पडदे कोणी लावले? शेजाऱ्यांनी?"

मी वर बघितलं. नवे पडदे होते. ताईचा हात तिथवर पोचत नाही आणि स्टुलावर चढायला तिला गुडघे परवानगी देत नाहीत.

"त्याच्या आधी दिवा बदललास. त्याच्या आधी नळाची चकती. आणि बोलायलाही लागलास बाबा जरा, नाहीतर आधी येऊन नुसता घड्याळाकडे बघत बसायचास."

ते शेवटचं वाक्य माझ्या वर्मी लागलं, कारण ते खरं होतं.

माझ्या मनात आलं, ताईचं डोकं फिरलं. एकटेपणाने माणसं अशी होतात, मी पाहिलेलं आहे. तोंड लपवायला म्हणून मी खिडकीशी गेलो आणि पडदा हातात धरला. पडद्याच्या वरच्या कडेला, जिथे तो कडीत अडकवताना चिमटीत धरतात तिथे, जांभळ्या शाईचा एक अंगठा उठला होता.

माझा अंगठा मी त्यावर ठेवून पाहिला. तंतोतंत बसला.

"ताई, मी हे असं करायला लागलो, ते कधीपासून गं?"

"कधीपासून काय? तो सोबतीचा मंत्र टाकला ना मी भुयारात, त्याच्या दुसऱ्या बुधवारपासून तू असा शहाण्यासारखा वागायला लागलास." ती कपात चहा ओतत म्हणाली. "मी गमतीने म्हणते सुद्धा, मंत्र लागू पडला म्हणून."

४

कचेरीतली डायरी काढली. पडदे लागले त्या बुधवारी संध्याकाळी साडेपाच ते आठ मी पिठाच्या गिरणीत होतो. सहा काटे तपासले, दोन नापास केले. गिरणीवाल्याची सही आहे. त्याला फोन करून विचारलं, तर म्हणाला, "साहेब, तुम्हीच होतात. दोन काटे बंद पाडलेत ते विसरेन का मी?"

म्हणजे वेडा मी नव्हतो. ताईही नव्हती. हे कळल्यावर खरं तर बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही.

भाचीला कळवावं असं वाटलं. पण काय कळवणार? तुझ्या आईकडे दर बुधवारी कोणीतरी येतं, मी नसतो, पण पडदे लावतं? मी दिलेला शब्द दुसरंच कोणीतरी पाळतंय?

ताईला त्या घरात त्याच्यासोबत राहू द्यायचं नाही, एवढं एक पक्कं होतं. ती निघणार नव्हती. मग त्याला काढायला हवं होतं. मी कामाचा माणूस, मला कामाच्याच वाटा सुचतात. नियमाने आलेली गोष्ट नियमाने जाईल. निकाल फिरवायचा. 'सोबती माणसांत मोजायचा' असं वहीत लिहिलं की ताई एकटी राहत नाही, ती एकटी नसली की मंत्र संपतो, आणि मंत्र संपला की सोबती गेला. डॉक्टरचाच मुद्दा, पण आता मला तो जिंकायचा होता. मास्तरांना शनिवारीच गाठलं. त्या फोनपासून त्यांची झोप उडाली होती, ते लगेच कबूल झाले. तिघांचे हात बाजूने, ताईचा विरुद्ध. ते आणखी एक मत विरुद्ध पडलं, तरी तीन विरुद्ध दोन. कसंही मोजलं तरी आम्हीच जिंकणार होतो.

५

रविवारी जाताना मी कचेरीतला बसका काटा गाडीत घातला. पोती तोलायचा, खाली लोखंडी पाट आणि समोर गोल तबकडी. मी स्वतः पास केलेला, माझा शिक्का असलेला. गाडीत उन्हाने बिघडेल, असं ताईला सांगून तो, प्रमाण वजनांच्या पेटीसकट, टेबलाच्या पलीकडच्या बाजूला ठेवला आणि जागा नाही म्हणत घडीची खुर्ची त्याच्यावर उघडून ठेवली. तबकडी माझ्याकडे. खुर्चीचं वजन सहा किलो.

"कचेरी घरी आणलीस होय?" ताई म्हणाली. "उद्या आम्हालाही शिक्के मारशील."

खेळ सुरू झाला. तबकडीवर सहा. दोन फेऱ्या झाल्या, डॉक्टरने दोन कुलपं फोडली, तरी सहा. मग मी घसा खाकरून म्हणालो, "गेल्या वेळचा निकाल मला पुन्हा मांडायचाय."

ताईने फासा खाली ठेवला. "का रे? वहीतलं पुसायचं नाही, हे तुझंच ना?"

"चूक झाली होती."

"चूक बीक काही नाही. तुला माझा सोबती बघवत नाही." ती अर्धवट हसत होती, पण डोळ्यांत पाणी होतं. "भुयारात काय असतं माहितीये का तुला? तू रविवारी चार तास येतोस, दोन सोंगट्या हलवतोस आणि जातोस. बाकीचे दिवस?"

ती खेळाबद्दल बोलत नव्हती. मला ते कळलं आणि तरी मी मागे हटलो नाही.

"मतं घेऊ," मी म्हणालो. "सोबती माणसांत मोजायचा. बाजूने?"

मी हात वर केला. डॉक्टरने केला. मास्तरांनी थोडं थांबून केला. मी तबकडीकडे बघितलं.

सत्तर.

काटा हळूहळू चढला नव्हता. सहावर होता आणि मग सत्तरवर होता. सत्तरातून सहा गेले चौसष्ट. दर पहिल्या तारखेला मी कचेरीत स्वतःला तोलतो. गेली कित्येक वर्षं माझं वजन चौसष्ट आहे.

"बाजूने चार," मास्तर म्हणाले. "विरुद्ध?"

ताईने एकटीने हात वर केला.

चार! ते आमच्या बाजूने होतं. मी सगळा विचार केला होता, पण हा नाही. आपण मोजले जावं, हे त्यालाच हवं होतं. गेल्या वेळी त्याने मोजायचं नाही असा निकाल मिळवला आणि राहिलं. आता त्याला नुसतं राहायचं नव्हतं.

"थांबा!" मी ओरडलो. "माझं मत मी बदलतो! लिहू नका!"

"बाजूने चार आणि विरुद्ध एक, म्हणजे पाच," डॉक्टर कपाळाला आठ्या घालत म्हणाला. "पाच कसे होतील, मास्तर? पुन्हा मोजा."

मास्तरांनी बोट पुढे केलं आणि एकेक हात मोजायला लागले. "मी, एक. डॉक्टर, दोन." बोट फिरत माझ्या समोर आलं. मी हात आणखी उंच केला, अगदी शाळेतल्या पोरासारखा. बोट थांबलं नाही. ते टेबल ओलांडून पलीकडे गेलं, लोखंडी खुर्चीकडे, आणि मीही त्याच्यामागोमाग तिकडे बघितलं.

पूर्ण काही दिसलं नाही. टेबलावर लोंबणाऱ्या दिव्याच्या झाकणाआड चेहऱ्याच्या जागी नुसती सावली होती. पण वर केलेला हात दिसला. माझ्याच सदऱ्याची बाही, तुटलेल्या बटणासकट. जांभळा अंगठा.

"धाकटा, तीन," मास्तर म्हणाले. "विरुद्ध ताई, एक. तीन आणि एक चार. आता कसं बरोबर आलं."

त्यांनी माझ्यासमोरची वही ओढून घेतली आणि लिहिलं.

६

"हरले मी," ताई डोळे पुसत म्हणाली. "गेला माझा सोबती. जाऊ दे. चहा टाकते."

मी तिच्या मागे स्वयंपाकघरात गेलो. तिच्या कानाशी बोललो, खांदा धरून हलवला. तिने खांद्यावरचा पदर सारखा केला. कप काढले. चार. चारांत चहा ओतला आणि माझ्या अंगावरून ट्रे नेला. मी बाजूला झालो नसतो तर काय झालं असतं, ते मला बघायचं नव्हतं.

"धाकट्या, साखर बेताची घातलीय, बघ," ती खुर्चीशी वाकून म्हणाली. "आणि चिडू नकोस हं माझ्यावर. मघाशी बोलले ते मनावर घेऊ नकोस. बुधवारी येशील ना?"

तिला उत्तर मिळालं असावं, कारण तिचा चेहरा उजळला.

"ताई!" मी जिवाच्या आकांताने ओरडलो. "ताई, मी इथे आहे! मी येईन! दर बुधवारी येईन, रोज येईन!"

डॉक्टरने वर भिंतीकडे बघितलं.

"ताई, घड्याळाला तेल द्या हो," तो म्हणाला. "आज फारच वाजतंय."

सहा वाजता ते सगळे उठले. माझे जोडे घालून कोणीतरी गेलं. खाली माझी गाडी सुरू झाल्याचा आवाज आला. ताईने लोखंडी खुर्ची मिटून दाराआड ठेवली आणि गुणगुणत कप धुवायला गेली. काटा नेण्याचं विसरून गेला, असं तिने स्वतःशी म्हटलं.

मी काट्याजवळ बसलो. सगळं रीतीने केलं. तबकडी शून्यावर आहे का पाहिलं, होती. पेटीतून पाच किलोचं प्रमाण वजन काढून पाटावर ठेवलं. काटा बरोबर पाचवर आला. वजन उतरवलं. शिक्का तपासला, तो माझाच होता, तारखेसकट.

मग मी दोन्ही पायांनी पाटावर चढलो आणि खाली बघितलं.

काटा शून्यावर होता.